दुसऱ्याच्या नांवचें पाकीट

भाड्याच्या घराबरोबर बिऱ्हाडकरूस पुष्कळ गोष्टी न मागतां मिळतात: आधींच्या बिऱ्हाडानें भिंतींत ठोकलेले खिळे, पावसाळ्यांत न लागणारी एखादी खिडकी, शेजाऱ्यांचें एखादें जुनें भांडण, आणि मालकाच्या नांवानें येणारें टपाल. पहिल्या तीन गोष्टींचा निकाल महिन्या-दोन महिन्यांत लागतो. खिळे उपयोगीं पडतात, खिडकी सुतार नीट करून देतो, आणि भांडण आपलें नव्हे हें शेजाऱ्यांना हळूहळू पटतें. टपालाचें मात्र तसें नाहीं. लग्नपत्रिका असली तर निरोप पाठवितां येतो. विजेचें बिल असलें तर तें बहुधा आपणांसच भरावयाचें असतें. पण तें टपाल मालकाच्या धनकोकडून आलेलें असलें, तर तें हातांत घेऊन दारांत उभ्या राहिलेल्या मनुष्याची जी स्थिति होते, तिचा विचार नीतिशास्त्रावरील ग्रंथांत केलेला आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. प्रश्न क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. परंतु मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यांत राज्यें सोडण्याचे किंवा वनवासास जाण्याचे प्रसंग येत नाहींत. त्याच्या सचोटीची परीक्षा व्हावयाची ती अशा पाकिटांपाशींच होते.

आम्हांस हा विचार करावा लागला तो २०१८ सालीं, पुण्यास. घराचे मालक एक निवृत्त गृहस्थ होते. ते आपल्या मूळ गांवीं राहत आणि वर्षांतून एकदां, करार नवा करण्याच्या वेळीं, येऊन जात. आमचीं मुलें त्यांना आजोबा म्हणत. आम्ही काका म्हणत असूं. भाडें वेळेवर पोंचतें कीं नाहीं ह्यापेक्षां कुंडींतल्या कढीलिंबाला पाणी मिळतें कीं नाहीं, ही चौकशी ते अधिक आस्थेनें करीत. अशा माणसाच्या नांवानें एका बँकेचें पहिलें पाकीट आलें तेव्हां तें आम्हीं चपलांच्या कपाटावर ठेवलें आणि विसरून गेलों. दुसरें महिन्यानें आलें, तिसरें पंधरा दिवसांनीं. हीं पाकिटें खिडकीचीं असतात. आंतला कागद थोडा सरकला कीं पत्त्याखालच्या ओळीचा अर्धा भाग दिसूं लागतो, आणि 'थकीत' एवढा शब्द वाचण्यास पाकीट उघडावें लागत नाहीं. चवथें पाकीट आलें तेव्हां आमच्या घरांतून प्रश्न आला, "दिव्यासमोर धरून पाहायचं का?"

पाहिलें नाहीं, हें सांगण्यांत मोठेपणा नाहीं. पाहण्याची इच्छा आम्हांसही तितकीच झाली होती, व न पाहण्याचें पहिलें कारण नीति नसून भीति हेंच होतें.

पाकीट उघडावें असें म्हणणाऱ्याचा पक्ष दुबळा नाहीं. तो नीट मांडला पाहिजे. घर त्यांचें खरें, पण त्यांत राहतों आम्ही. घर गहाण असेल व कर्ज थकलें असेल तर धनको उद्यां ताबा मागावयास येईल, आणि रस्त्यावर येतील तीं भांडीं आमचीं असतील. २००२ सालच्या कायद्यानें (त्याचें 'सरफेसी' हें आद्याक्षरी नांवच आतां लोकांच्या तोंडीं बसलें आहे) बँकेस दिवाणी कोर्टांत दावा न लावतां तारण ताब्यांत घेण्याचा अधिकार दिला. कर्ज अनुत्पादक ठरलें कीं बँक ऋणकोस लेखी नोटीस देते. साठ दिवसांत रक्कम न भरली गेल्यास ताब्याची कारवाई सुरू होऊं शकते, व तींत जिल्हादंडाधिकाऱ्याची मदत मागतां येते. घरांत राहणाऱ्याचें पुढें काय होतें, हें त्याचा करार कोणत्या प्रकारचा व कोणत्या तारखेचा आहे ह्यावर अवलंबून असतें. भाडेनियंत्रण कायद्याखालील खऱ्या भाडेकरूस केवळ ह्या कायद्याच्या जोरावर बाहेर काढतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं म्हटलें; २०१९ सालीं त्याच न्यायालयानें त्या संरक्षणास मर्यादा घातल्या. आणि पुण्या-मुंबईंत आपण ज्यास भाडेकरार म्हणतों तो अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' तर कायद्याच्या दृष्टीनें भाडेपट्टाच नव्हे. ती राहण्याची नुसती परवानगी. घरांत कोणताही हक्क तिनें उत्पन्न होत नाहीं. म्हणजे ज्याच्या पायाखालची जमीन सर्वांत सैल, त्यासच कांहीं कळविण्याची तजवीज नाहीं. नोटीस जाते ती ऋणकोस. मग स्वसंरक्षणासाठीं पाकीट उघडलें तर बिघडलें काय?

ह्यावर ठरलेलें उत्तर असें कीं पत्र दुसऱ्याचें आहे, व दुसऱ्याचें पत्र वाचणें हें दुसऱ्याच्या खिशांत हात घालण्यासारखें आहे. उत्तर खोटें नाहीं. पण ज्याच्या मुलांच्या डोक्यावरचें छप्पर हलूं लागलें आहे त्याला तें तोकडें वाटेल. पूर आला म्हणजे आपण शेजाऱ्याचें कुंपण ओलांडतों व मागाहून क्षमा मागतों. आमच्या मतें पाकीट न उघडण्याचें खरें कारण निराळें आहे. चोरून मिळविलेलें ज्ञान बोलून दाखवितां येत नाहीं. काकांकडे अमुक लाख थकले आहेत असें पाकीट उघडून आम्हांस कळलें असतें. पण तें त्यांना आम्ही कोणत्या तोंडानें विचारणार होतों? मग आम्ही भलत्याच सबबी काढल्या असत्या. करार नवा करण्याची टाळाटाळ केली असती, भिंतींना ओल येते म्हणून भाडें अडविलें असतें, "सहज विचारतों" असें म्हणून आडून आडून प्रश्न केले असते. ज्यास कळलें आहे पण कळलें असें म्हणण्याची सोय नाहीं, तो मनुष्य पुढें जें जें बोलतो तें थोडें थोडें खोटें होत जातें. उलट, पाकिटाच्या बाहेर जें छापलेलें होतें तें पोस्टमननें वाचलें होतें, खालच्या पहारेकऱ्यानें वाचलें होतें, आम्हींही वाचलें होतें. तेवढी माहिती ही आमची प्रामाणिक मिळकत होती, व तेवढ्याच्या बळावर सरळ विचारण्यास कोणाची आडकाठी नव्हती. न उघडलेलें पाकीट पुढें करून "हें काय आहे?" असें विचारतां येतें, उघडलेलें पुढें करून विचारतां येत नाहीं.

शिवाय, ज्यास माहितीच हवी असेल त्यास उघडे मार्ग आहेत. तारणांची नोंद ठेवणारी 'सेरसाई' नांवाची केंद्रीय नोंदवही २०११ सालीं सुरू झाली असून, थोडी फी भरून तींत कोणासही शोध घेतां येतो. ताबा घेतल्याची नोटीस तर नियमाप्रमाणें घराच्या दारावर किंवा ठळक जागीं चिकटवावी लागते, व दोन वर्तमानपत्रांत, त्यांतील एक देशी भाषेंतलें, छापावी लागते. आमच्या मराठी दैनिकांत बारीक अक्षरांच्या ज्या चौकटी असतात, त्यांतल्या पुष्कळ ह्याच. चहा पितांना आपण त्या ओलांडून क्रिकेटकडे जातों; त्या चौकटींत कोणाचें तरी नांव, कोणाच्या तरी घराचें वर्णन आणि कोणाची तरी रक्कम छापलेली असते. अर्थात् ज्या गुपिताशीं आम्ही दिव्यासमोर झगडत होतों तें कायमचें गुपित नव्हतेंच. नोटीस आणि दारावरचा कागद ह्यांच्यामध्यें निदान साठ दिवसांचें अंतर, इतकेंच. ते साठ दिवस कायद्यानें ऋणकोस दिले आहेत. त्यानें धांवपळ करावी, भावाकडे मागावें, दागिने मोडावे, बँकेच्या साहेबापुढें जाऊन बसावें, आणि जमलें तर चारचौघांस कळण्यापूर्वीं घर वांचवावें. बाहेरच्या कोणीं हें आधींच फोडलें तर ऋणकोच्या लाजेबरोबर त्याची पतही जाते, आणि पत गेली कीं भावाकडूनही पैसे मिळत नाहींत. म्हणून ते दिवस त्याचे आहेत. मात्र त्याच साठ दिवसांत आम्हीही त्या घरांत राहत होतों व भाडें भरीत होतों. मुदत एकच, ती भोगणारे दोघे, आणि ती चालू आहे हें ठाऊक असणारा एकच. ह्या प्रश्नाची खरी अडचण येथें आहे.

पांचवें पत्र रजिस्टर होतें. (रजिस्टर टपालाची स्वतंत्र सोय २०२५ सालीं स्पीड पोस्टांत विलीन झाली, दारांतला प्रसंग मात्र तोच राहिला आहे.) पोस्टमननें पेन पुढें केलें व म्हणाला, "सही करा साहेब, पत्ता हाच आहे ना?"

ह्या सहीचें वजन सामान्य मनुष्यास ठाऊक नसतें. बरोबर पत्ता घालून, हंशील भरून, रजिस्टरनें पाठविलेली नोटीस, उलट सिद्ध होईपर्यंत, पोंचली असें धरावें, असें १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यांत आहे. 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत गेलेलें पाकीटही न्यायालयें पोंचलेलेंच समजतात. म्हणजे आम्ही सही केली तर काकांना नोटीस पोंचली असें कागदोपत्रीं दिसणार. आणि भलेपणानें "नको, आम्ही घेत नाहीं" असें म्हटलें व पोस्टमननें 'नकार' लिहिलें, तर कदाचित् तरीही तेंच दिसणार. साठ दिवस तर नोटिशीच्या तारखेपासूनच धांवूं लागलेले असतात. न वटलेल्या चेकाची नोटीस असली तर तिचे पंधरा दिवस ती पोंचल्यापासून मोजतात. ज्याचे दिवस त्यास पत्ता नाहीं, आणि दुसराच कोणी उंबऱ्यांत उभा राहून एका शब्दानें घड्याळ चालू करतो! खरें वाक्य एकच होतें, व तें सर्वांत साधें होतें: "ते येथें राहत नाहींत." पोस्टमननें तसें लिहून घेतलें आणि तो गेला. काकांचा गांवचा पत्ता आम्हांस पाठ होता. तो सांगावयास हवा होता काय, हा विचार तो जिना उतरेपर्यंत आमच्या मनांत घोळत होता.

त्या रात्रीं आम्हीं फोन केला. "काका, आपल्या नांवानें बँकेचीं चार पत्रें येऊन पडलीं आहेत. आज एक रजिस्टर आलें होतें, तें घेतलें नाहीं." थोडा वेळ पलीकडून शब्द आला नाहीं. मग ते म्हणाले, "फाडून टाका हो तुम्ही. उगाच घरांत कचरा कशाला?"

येथें विचार पुन्हां अडतो. पत्र ज्याचें त्यानेंच फाडण्यास सांगितलें. मग हरकत कोणती? तुकारामबोवांनीं सावकारीचीं खतपत्रें इंद्रायणींत बुडविलीं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. तींतला एक बारकावा मात्र बहुधा विसरला जातो. खतांचे दोन वाटे करून त्यांनीं धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हवालीं केला, आणि बुडविला तो आपला अर्धा. शिवाय बुडालें तें त्यांचें येणें होतें, देणें नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले ही गोष्ट वेगळी. तेथें जाळणारे ऋणको होते, आणि रोखा जळाला कीं पुरावा जळाला अशी त्या काळची स्थिति होती. त्या आगीचा परिणाम म्हणून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदाही झाला. काका सांगत होते तें ह्या दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. मूळ कागद बँकेच्या दप्तरांत सुखरूप होता. पत्रें फाडल्यानें कर्जांतला एक पैसा कमी होत नव्हता. फाटणार होती ती त्यांना वेळीं जाग येण्याची संधि. पत्रें त्यांचीं खरीं, पण हात आमचे लागणार होते. आम्हीं म्हटलें, "फाडवत नाहीं, काका. जपून ठेवतों, आपण येऊन न्या."

ते येण्यापूर्वीं वसुलीचा मनुष्य येऊन गेला. धनकोनें ऋणकोच्या दारांत धरणें धरून बसावें अशी चाल एके काळीं आपल्याकडे होती. तें 'धरणें' आतां राजकारणांत गेलें, आणि त्याच्या जागीं हातांत मोबाईल घेतलेला एक तरुण मुलगा आला. त्याच्याशीं भांडण्यासारखें कांहीं नव्हतें. तोही पगाराचा बांधलेला. पुढें २०२२ च्या ऑगस्टांत रिझर्व्ह बँकेनें परिपत्रक काढून, सकाळीं आठपूर्वीं व संध्याकाळीं सातनंतर वसुलीसाठीं फोन करूं नये, ऋणकोची चारचौघांत मानहानि करूं नये, असें बजावलें. हा मुलगा त्याच्या चार वर्षें आधीं, रात्रीं आठ वाजतां आला, आणि जिन्यांतल्या तिन्ही दारांना ऐकूं जाईल अशा आवाजांत काकांचें पूर्ण नांव घेऊन त्यांची चौकशी करूं लागला.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्यानें १७९७ सालीं एका छोट्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, खुनी मनुष्य दारांत येऊन आपल्या मित्राचा ठाव विचारूं लागला तरी त्याच्याशीं खोटें बोलण्याचा हक्क आपणांस नाहीं. ह्या मतासाठीं त्यानें आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, व आमच्या मतें त्या वाजवी आहेत. पण वसुलीचा मनुष्य खुनी नव्हे; तो येणें मागावयास आलेला असतो. त्याच्यापाशीं खोटें बोलण्यास आम्हांस तेवढाही आधार नव्हता. तथापि खोटें न बोलणें म्हणजे विचारलेलें सर्व सांगणें नव्हे. "ते येथें राहत नाहींत, आम्ही भाडेकरू आहों. त्यांचा नंबर त्यांना विचारल्याशिवाय देतां येणार नाहीं. आणि कृपा करून हळू बोला." इतकें बोलून आम्हीं दार लावलें. दुसऱ्या दिवशीं समोरच्या वहिनींनीं विचारलें, "काल कोण आलं होतं हो?" तेव्हां मात्र "बँकेचा मनुष्य, कसल्याशा कार्डाचं सांगायला," असें आम्ही म्हणून गेलों. वसुलीवाल्यापाशीं जें जमलें तें वहिनींपाशीं जमलें नाहीं, हें येथें नमूद करणें भाग आहे.

दिवाळीनंतर काका आले. पत्रांचा गठ्ठा त्यांनीं मांडीवर घेतला व एकेक पाकीट उलटून त्याचा डिंक पाहिला. आम्हांस त्याचें वाईट वाटलें नाहीं. आम्हींही तेंच केलें असतें. मग चहा निवत ठेवून त्यांनीं आपण होऊनच सांगितलें. मुलाच्या धंद्यासाठीं घर तारण दिलें होतें, धंदा बसला, साठ दिवसांची नोटीस गांवच्या पत्त्यावरही येऊन पोंचली होती, बँकेशीं तडजोडीचें बोलणें चाललें होतें. "तुम्हांला आधींच सांगायला हवं होतं," असें ते म्हणाले. सांगावयास हवें होतें काय? घर गहाण ठेवणारा प्रत्येक मालक भाडेकरूस तें सांगत सुटत नाहीं, व सांगण्याचें कारणही नाहीं. हप्ते भरले जात आहेत तोंवर ती त्याची खाजगी बाब आहे. नोटीस आल्यावर तेंच मौन निराळें होतें. नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण विकूं नये किंवा भाड्यानें देऊं नये, असें त्याच २००२ च्या कायद्याचें तेरावें कलम सांगतें, आणि नीतीची रेषाही बहुतेक तेथूनच जात असावी असें आम्हांस वाटतें. आमचा करार नोटिशीच्या आधींचा होता; त्यांनीं आमचें कांहीं लुबाडलें नव्हतें. अनामत परत करण्यास त्यांच्यापाशीं पैसे नव्हते. "डिपॉझिट भाड्यांत वळतं करून घ्या, आणि तोंवर दुसरी जागा बघा," असें त्यांनींच सुचविलें. हेंच आम्ही दोन महिने आधीं, मनाशीं ठरवून, भाडें गुपचूप बंद करून करूं शकलों असतों. हिशेबाला हिशेब तोच आला असता. पण मग ते चहाला बसले नसते.

जागा मिळाली. सामान बांधीत असतां दलाल एका कुटुंबास घर दाखवावयास घेऊन आला: नवराबायको व एक पांच-सहा वर्षांची मुलगी. आम्हीं आंतल्या खोलींत जाऊन काकांना फोन केला, "ह्या लोकांना सांगितलंत का?" ते म्हणाले, "महिन्याभरांत मिटतं आहे हो सगळं. त्यांना कशाला घाबरवतां?"

आमचा वरचा सिद्धान्त येथें आमच्याच अंगावर आला. जें प्रामाणिकपणें कळलें तें बोलतां येतें, असें आम्ही म्हणत होतों. हें तर पूर्ण प्रामाणिकपणें कळलें होतें, पण विश्वासानें कळलें होतें. काकांनीं तें आम्हांस सांगितलें होतें, दलालाच्या गिऱ्हाइकांस नव्हे. पाकीट चोरून उघडलें असतें तर निदान हें बंधन तरी आमच्यावर पडलें नसतें. दुसऱ्या बाजूस त्या गृहस्थाची अनामत रक्कम होती, आणि गॅलरींत कढीलिंबाचीं पानें तोडणारी ती मुलगी होती. बाईंनीं पाणी किती वेळ येतें हें विचारलें, आम्हीं सांगितलें. नवऱ्यास बाजूला घेऊन आम्हीं म्हटलें, "पैसे देण्यापूर्वीं घर तारण आहे का, एवढं 'सेरसाई'वर बघून घ्या. कोणतंही घर घेतांना बघावं." कोणतेंही घर, हे शब्द आम्हीं मुद्दाम घातले. कुरुक्षेत्रावर धर्मराजानें अश्वत्थाम्याच्या बाबतींत जें केलें त्याच्या हें फारसें दूर नव्हतें, ही जाणीव बोलतांनाच होती. वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यास तरुण माणसें जशी मान डोलावतात तशी त्यानें डोलावली, आणि स्कूटर कोठें लावावयाची असें विचारलें.

आम्ही निघालों त्या सकाळीं आणखी एक पाकीट आलें. तें आम्हीं चपलांच्या रिकाम्या कपाटावर, बँकेचें नांव वर येईल असें, ठेवलें आणि किल्ली दलालाच्या हातीं दिली.